लाटांचे पंचांग

सातारा-सांगलीकडच्या माणसाची पाण्याशी पहिली ओळख कृष्णा करून देते. वाईच्या घाटावर, क्षेत्र माहुलीस, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर अथवा सांगलीच्या घाटांवर पाठीस सुका भोपळा बांधून जो पोहावयास शिकला, तो पुढे कोठल्याही पाण्यास भीत नाही. आणि नेमकी हीच निर्भयता वैशाखाच्या सुटीत जिवावर बेतण्याचा संभव असतो. सुटी लागली की आपल्याकडील बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे घाट उतरून कोकणात जातात. सातारकर पाटण-कोयनानगरावरून कुंभार्ली घाटाने चिपळूण-गुहागरास, तर सांगलीकर कोल्हापूर गाठून आंबा घाटाने रत्नागिरी-गणपतीपुळ्यास किंवा गगनबावड्यावरून मालवणास. आजीपासून शेंडेफळापर्यंत पंधरा-वीस माणसे, डब्यात दशम्या, आणि मुलांच्या तोंडी एकच प्रश्न : समुद्र केव्हा दिसणार? समुद्र त्या दिवशी कसा असणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुतचा लेख ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

वास्तविक असा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याइतकी फारच थोड्यांस असेल. श्रावण लागला की सांगलीत शेजारी शेजाऱ्यास कुशल विचारण्याआधी 'आयर्विनला किती फूट?' असे विचारतो. १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या त्या पुलाजवळील आकडे म्हणजे गावाची नाडीच होय. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांसही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढले, तेव्हा ज्यांनी आदल्या दिवशीच सामान माडीवर नेले त्यांचे, आणि 'आमच्या दारात कधी आले नाही' म्हणत जे बसून राहिले त्यांचे काय झाले, हे येथे सांगावयास नको. कोयनेतून किती पाणी सोडले, वारणा किती फुगली आहे, ह्यावरून उद्याचे पाणी ताडणारा हा समाज समुद्रकाठी गेला म्हणजे मात्र आकाशाकडे पाहून 'ऊन छान पडले आहे' एवढ्यावर संतुष्ट होतो. समुद्राचीही पातळी, त्याचेही धरण, त्याचाही विसर्ग असतो. फक्त ते धरण आपल्या डोळ्यांपासून फार दूर आहे.

किती दूर, ह्याचे एक उदाहरण देतो. २०२४ च्या एप्रिलच्या २५ तारखेस दक्षिण अटलांटिक महासागरात, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे दहा हजार किलोमीटरांवर, एक कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. २८ तारखेस ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागात शिरले, आणि तेथील वाऱ्याने अकरा मीटरांच्या सुमारास उंचीच्या लाटा उठविल्या. त्या लाटा विषुववृत्त ओलांडून ४ मेच्या सुमारास भारताच्या किनाऱ्यावर आल्या. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने त्यांची पूर्वसूचना दिली होती. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर वैद्यकीचे पाच विद्यार्थी ह्याच लाटांनी ओढून नेले. मल्याळी कोळ्यांनी ह्या प्रकारास 'कल्लक्कडल' असे नाव दिले आहे. त्याचा अर्थ, चोरासारखा येणारा समुद्र. शास्त्रज्ञांसही ह्याहून चांगले नाव सुचले नाही. २०१२ पासून युनेस्कोनेही तेच स्वीकारले आहे.

आता वारा नसता लाट येते कशी, हे समजून घेतले पाहिजे; त्यावाचून पुढचा हिशेब कळावयाचा नाही. लाट वाऱ्यापासून जन्मते हे खरे. परंतु एकदा जन्मलेली लाट वाऱ्याची बांधील राहत नाही. माहेर सुटलेल्या मुलीप्रमाणे ती आपल्या वाटेने जाते. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट आखूड असते. दोन शेंड्यांमध्ये सहा सेकंदांच्या आसपास काळ जातो, आणि एका शेंड्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर खोल समुद्रात पन्नास-साठ मीटर भरते. दूरच्या वादळातून आलेल्या लाटेत हाच काळ चौदा, सोळा, कधी अठरा सेकंदांचा असतो. सोळा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे चारशे मीटर होते आणि तिचा ताफा दिवसाकाठी हजार किलोमीटरांवर मजल मारतो. लांब लाट वाटेत फारशी खर्चही होत नाही. म्हणून आठवड्यापूर्वी झालेल्या भांडणाचा निरोप घेऊन यावे तशी ती, येथे वाऱ्याची झुळूक नसताना, किनाऱ्यावर येऊन थडकते.

खोल समुद्रात ही लाट दिसतसुद्धा नाही. मीटरभर उंची चारशे मीटरांत पसरलेली. होडी हळूच वर उचलली जाते व हळूच खाली बसते, इतकेच. परंतु लाटेच्या लांबीच्या निम्म्याइतकी खोली आली की तिचे पाय तळास लागतात. आखूड लाटेस तळ अठ्ठावीस-तीस मीटरांवर कळतो. चारशे मीटरांच्या लाटेस तो दोनशे मीटरांवरच, म्हणजे कोकणसमोरच्या उथळ समुद्राची पायरी चढताक्षणीच कळतो. तेथून पुढे ती मंदावते, लांबी कमी होते आणि उंची वाढते. दिसावयास दोन्ही लाटा मीटरभरच्याच, पण सोळा सेकंदांच्या लाटेने किनाऱ्याशी आणलेली शक्ती सहा सेकंदांच्या लाटेच्या अडीचपटीहून अधिक असते. समुद्राचे भाकीत ऐकताना उंचीचा आकडा सर्वजण ऐकतात, सेकंदांचा आकडा कोणी ऐकत नाही. माझ्या मते दुसरा आकडा आधी विचारावा.

लाट फुटते ती पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली म्हणजे. दोन मीटरांची लाट अडीच मीटर पाण्यात फुटते. तारकर्लीसारख्या पुळणीवर तळ हळूहळू वर येतो, त्यामुळे लाट दुरूनच फेसाळत, झिजत येते. खडकाची गोष्ट निराळी. दहा-बारा मीटर खोल पाण्यातून एकदम हात-दोन हात पाण्याखाली लपलेला कातळ समोर आला, म्हणजे लाटेस झिजण्यास अवसरच मिळत नाही; तिचा पाया अडतो, माथा पुढे कोसळतो, आणि सारी शक्ती एका ठिकाणी मोकळी होते. त्यातून, तळाच्या चढावामुळे लाटा वळतात आणि भिंगातून सूर्यकिरण एकत्र यावेत तशा समुद्रात पुढे आलेल्या टोकावर व खडकावर एकवटतात. बाजूच्या खाडीत मुले कागदी होड्या सोडीत असतील आणि शंभर पावलांवरच्या टोकावर माणूस उभा राहू शकणार नाही, असे त्यामुळे घडते. गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ ज्यांनी पाहिली असेल, त्यांस हे सहज पटेल. कातळास पडलेल्या त्या चिंचोळ्या भेगेत भरतीची लाट शिरली की पाण्याचा खांब आकाशात उडतो. दशभुजा गणेशाचे दर्शन घेऊन लोक तेथे जातात, आणि तो खांब अंगावर घेण्यासाठी कडेपाशी सरकतात. हे मला कधीच समजलेले नाही. नरसोबाच्या वाडीस पुरात पादुकांवर पाणी चढते तेव्हा आपण हात जोडून दूर उभे राहतो. येथेही तसेच राहण्यास काय हरकत आहे?

उघड्या समुद्रावरील खडकाचा आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे मालवण. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो ही जागा खडकांनी वेढलेली आहे हे पाहूनच. धक्क्यापासून किल्ल्याचे अंतर अर्ध्या मैलाच्या आसपास. परंतु होडीची वाट सरळ नाही. पाण्याखालच्या खडकांतून ती वाकडीतिकडी काढलेली आहे, आणि तीच त्या किल्ल्याची पहिली तटबंदी होय. शत्रूचे गलबत जेथे फुटावे अशी योजना, तेथे आज सुटीतला प्रवासी काठाला हात टेकून बसतो. हेच खडक पोटाशी प्रवाळ बाळगून आहेत, म्हणून १९८७ साली हा टापू सागरी अभयारण्य ठरविण्यात आला, आणि तळ पाहण्यासाठी बुड्या मारणाऱ्यांचीही आता तेथे गर्दी असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची सतरा माणसे मालवणास गेलो होतो. मे महिन्याचा दुसरा आठवडा, आकाशात ढगाचा ठिपका नाही, वारा पडलेला. थोरल्या वहिनींनी किल्ल्यातील महाराजांच्या मंदिरात वाहावयास साताऱ्याहून नारळ आणला होता. (कोकणात नारळ घेऊन जाणारी माझ्या पाहण्यात ती एकच बाई.) धक्क्यावरच्या वयस्क तांडेलाने आमच्याकडे न पाहता समुद्राकडे पाहिले. किल्ल्याच्या बाजूस दूर एक पांढरी रेघ उमटे, विरे, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उमटे. तो म्हणाला, "गुरुजीनू, आज खडक फुटता. होडी नाय जावची." आमच्यातील तरुण मंडळींनी पैसे वाढवून पाहिले. धाकटा पुतण्या तर म्हणाला की वाराच नाही, मग लाट येणार कोठून? "ती लांबसून इली," एवढेच बोलून तो जाळे विणावयास बसला. नातवाच्या मनगटावर घड्याळ होते. मी त्यास त्या पांढऱ्या रेघेच्या दोन उमटण्यांमधला वेळ मोजावयास सांगितले. पंधरा सेकंद आले. मघापासून काठावर जी चिमुकली लाट पाय भिजवीत होती ती चार-पाच सेकंदांची होती. समुद्रात एकाच वेळी दोन निरनिराळ्या लाटा चालू होत्या. आम्हांस एक दिसत होती, तांडेलास दुसरी. वहिनींचा नारळ दुसऱ्या दिवशी धामापूरच्या भगवतीस वाढविला, आणि तलावाकाठी मंडळींचा दिवस चांगला गेला.

ह्या प्रसंगात एक बारीक गोष्ट होती, ती मागाहून ध्यानात आली. तांडेलाने नकार दिला तेव्हा ओहोटी चालू होती. भरतीस ज्या खडकावर साडेतीन मीटर पाणी असते, त्यावर ओहोटीस दीडच मीटर उरते. अडीच मीटरांची लाटदेखील भरतीस त्यावरून न फुटता निघून जाईल, आणि ओहोटीस मीटर-सव्वा मीटरांची लाट तेथे कोसळेल. भरतीस निजलेला खडक ओहोटीस जागा होतो. सकाळी ज्या वाटेने होडी सुखरूप गेली, तीच वाट परतताना बंद झालेली असू शकते. म्हणून किल्ल्यावर जाणाऱ्याने जाण्याच्या वेळेबरोबर येण्याच्या वेळेचे पाणीही विचारावे.

भरतीची वेळ सांगण्यासाठी आपल्या घरी एक साधन आहे, आणि ते भिंतीला टांगलेलेच असते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पृथ्वी तेवढे बारा अंश फिरावयास अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका घेते. म्हणून भरती तिथीगणिक दोन घटका उशिरा येते. अमावास्येस व पौर्णिमेस मुंबईकडे पूर्ण भरती बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. तेथून मोजीत जावे. पंचमीस चार वाजता, दशमीस आठ वाजता. अष्टमीस सहा वाजून चोवीस मिनिटांनी. पंधरा तिथींच्या तीस घटका झाल्या की बारा तास पुरे होतात आणि चक्र पुन्हा मूळ ठिकाणी येते. कोकणात तिथीची पाऊणपट करून तास काढण्याची जी रीत आहे ती हीच होय. फक्त पाऊण तास धरल्यामुळे पक्षाच्या अखेरीस तिच्यात पाऊण तासाचा तोटा पडतो. ओहोटी भरतीनंतर सहा तासांनी. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडे ह्या वेळांतून सुमारे तासभर वजा करावा. एवढ्याने अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने वेळ हाती लागते. काटेकोर वेळ हवी त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.

संस्कृतात 'वेला' ह्या शब्दाचे अर्थ किनारा, भरती, मर्यादा आणि समय असे आहेत. आपल्या 'वेळे'त त्यांपैकी एकच उरला. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून सीतेस समुद्र दाखविणारा राम शाळेत शिकविताना मी हे मुलांस सांगत असे. पण घाटावरल्या मुलांस त्यात परीक्षेपुरतेच स्वारस्य वाटे.

अमावास्या-पौर्णिमेच्या पुढे एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते; मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. ह्यावरून एक समज रूढ झाला आहे की उधाण टाळले म्हणजे भय टळले. तो मोडून काढला पाहिजे. २०१६ च्या १ फेब्रुवारीस मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनावर विद्यार्थी भर दुपारी बुडाले. त्या दिवशी कृष्णपक्षातली अष्टमी होती. २०२२ च्या २४ मे रोजी तारकर्लीस बुड्यांचा खेळ आटोपून परतणारी वीस प्रवाशांची होडी किनाऱ्याजवळ उलटली व दोन जीव गेले. तेव्हाही अष्टमी नुकतीच उलटली होती. तिथी भरती सांगते. लाट सांगत नाही. लाटेचे पंचांग निराळे आहे आणि ते वर्षभर आधी छापता येत नाही.

ते पंचांग मिळते कोठे? वर ज्या हैदराबादच्या केंद्राचा उल्लेख आला, ते समुद्राची स्थिती पुढील काही दिवसांसाठी वर्तविते. लाटेची उंची, तिचा सेकंदांतील काळ, दिशा आणि वारा असे चारही तपशील त्यात असतात, आणि उंच लाटांचा इशारा जिल्ह्यांच्या नावांनिशी निघतो. हवामान खाते वारा, पाऊस व वादळ सांगते. बंदरावर बावटा लागतो; तीन नंबरचा बावटा म्हणजे ह्या बंदरास वादळी वाऱ्याचा धोका आहे असे समजावे. घरातील तरुण मंडळी दिवसभर हातातल्या यंत्राकडे पाहत असतातच. त्यांपैकी एकास प्रवासापुरते हे काम नेमून द्यावे.

ह्या भाकितातील उंचीचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. 'दोन मीटर' असे लिहिले म्हणजे प्रत्येक लाट दोन मीटरांची असा अर्थ नव्हे, आणि सर्वांत मोठी लाट दोन मीटरांची असाही नव्हे. आलेल्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या तृतीयांश लाटांची ती सरासरी होय. हजारात एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. दहा सेकंदांस एक ह्या मानाने हजार लाटा यावयास तीन तासही लागत नाहीत. म्हणजे सकाळी न्याहारीनंतर खडकावर बसलेल्या माणसाच्या वाट्यास दुपारच्या जेवणाआधी एक पावणेचार मीटरांची लाट ठेवलेली असतेच. ती केव्हा येईल एवढेच अज्ञात. लांब लाटा तर घोळक्याने येतात. पाच-सात मोठ्या येतात, मग काही मिनिटे सारे शांत. ह्याच शांततेत लोक छायाचित्रे काढावयास खडकाच्या टोकावर जातात. माझा असा आग्रह आहे की कोणत्याही अनोळखी किनाऱ्यावर गेल्यावर वीस मिनिटे कोणीही पाण्यात पाऊल घालू नये. सतरंजी पसरावी, लाडू काढावेत, आणि पाहत बसावे. ओला खडक कोठवर आहे तेही पाहावे. कातळ जेथवर काळा व शेवाळलेला दिसतो तेथवर पाणी येऊन गेलेले असते.

खडकाच्या खिंडारातून किंवा वाळूच्या दोन दांड्यांमधून पाणी मागे जाते, त्या ओढीचाही येथे विचार केला पाहिजे, कारण बुडणारे बहुतेक तिच्यातच बुडतात. लाटांनी काठाकडे लोटलेले पाणी परतीस वाट शोधते, आणि जेथे खोली जरा अधिक तेथून ओढ्यासारखे आत धावते. त्या जागी लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंस पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पाण्याचा पट्टा दिसतो. नवख्यास वाटते की तीच शांत जागा. कृष्णेत शिकलेला पोहणारा येथेच फसतो. नदीच्या ओढीस आडवे जाऊन काठ गाठावयाचा हे त्यास ठाऊक असते. परंतु समुद्रात काठ समोर दिसत असल्यामुळे तो ओढीच्या थेट उलट हात मारीत सुटतो व दमतो. येथेही नियम नदीचाच आहे. ओढीस आडवे, म्हणजे किनाऱ्यास समांतर पोहावे. पट्टा रुंदीने फार नसतो. तो सुटला की लाटाच काठाकडे आणतात. पोहता येत नसेल त्याने उताणे तरंगत राहून हात वर करावा. ओढ माणसास खाली खेचीत नाही, बाहेर नेते. आणि काठावरच्यांनी एकामागून एक उड्या टाकू नयेत. झाकण लावलेला रिकामा डबा, मोठी बाटली, दोरी, जे तरंगेल ते फेकावे. एकास वाचविण्यासाठी भावंडे गेली आणि सारी बुडाली, अशा बातम्या एकत्र कुटुंबांतूनच अधिक येतात, कारण माया तेथे हाकेच्या अंतरावर उभी असते.

होडीच्या बाबतीत जुनी आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उसळलेल्या समुद्रात सापडली. मोठ्या लाटेने बोट कलंडली, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले, आणि थोडक्याच अवधीत सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याच्या उत्सवास महिना उरला नव्हता; त्या गडबडीत ही वार्ता लवकरच मागे पडली. खडक, अमावास्या, पावसाळी वारा आणि माणसांची दाटी हे चारही योग त्या सकाळी एकत्र आले होते. चौथा योग तेवढा आपल्या हातचा आहे. होडीत बसताना तांडेल सांगेल तेथे बसावे, तरंगता अंगरखा प्रत्येकाने, आजोबांनीसुद्धा, बंद बांधून घालावा, आणि लाट आली तरी उठू नये.

आता पुढल्या महिन्यांचा समुद्र. चैत्र-वैशाखात सकाळी मतलई वारा असतो, पाणी काचेसारखे. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि आखूड लाटा उठतात. त्या त्रासदायक असतात, फारशा घातक नसतात. ह्याच दिवसांत दक्षिण गोलार्धात हिवाळ्याची वादळे सुरू होतात व त्यांच्या लांब लाटा अधूनमधून येऊ लागतात. वर सांगितलेले २०२४ चे उदाहरण त्यांतलेच. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर समुद्रावर भरवसा ठेवू नये. २०२१ चे 'तौक्ते' १६-१७ मेस कोकण घासून गेले, २०२० चे 'निसर्ग' ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या व पाण्यातले खेळ सरकारी हुकुमानेच बंद असतात. जून-जुलैचे दोन महिने मासेमारीही थांबलेली असते. त्या काळात जो 'थोडे पुढे नेतो' म्हणून बोलावील, त्याच्याकडे पाठ फिरवावी.

दिवाळीच्या सुटीस लोक निर्धास्त असतात. तेथे मात्र सावध राहिले पाहिजे. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' नावाचे वादळ रत्नागिरीपासून शेकडो किलोमीटरांवर समुद्रातच होते आणि ओमानच्या दिशेने निघूनही गेले. किनाऱ्यावर ते आलेच नाही. तरी त्याच्या लाटा आणि आश्विनी अमावास्येचे उधाण एकत्र येऊन देवबागकडे पाणी वस्तीत शिरले. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत बरा. त्यातही अरबस्तानच्या बाजूस उठणाऱ्या 'शमाल' वाऱ्याच्या लाटा वायव्येकडून येऊन दोन-चार दिवस त्रास देतात, पण त्यांची वार्ता आधी मिळते.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि खरी अडचण तेथेच असते. राहण्याच्या जागेचे, होडीचे, बुड्यांचे पैसे महिनाभर आधी भरलेले असतात. लाटेचे भाकीत आठवडाभराचे. एकदा पैसे भरले की 'इतक्या लांब आलो आहोत' ही भाषा सुरू होते, आणि ती बोलणारा बहुधा घरातील कर्ता पुरुषच असतो. जागा आधी ठरवावी, समुद्राचा दिवस ठरवू नये. तीन दिवसांचा मुक्काम असेल तर कोणता दिवस पाण्याचा व कोणता देवळांचा हे पोचल्यावर, धक्क्यावर विचारून ठरवावे. होडीचे आगाऊ पैसे देऊ नयेत. द्यावेच लागले तर समुद्र बंद राहिल्यास परत मिळतील असे वदवून घ्यावे. मुलांस निघण्यापूर्वी एक घड्याळ द्यावे आणि लाटांमधले सेकंद मोजावयास शिकवावे. आठच्या आत आले तर लाट जवळची, बाराच्या वर आले तर लांबची; लांबची निघाली की त्या दिवशी खडकाकडे जाऊ नये, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नये, आणि बामणघळीस गेलेच तर दोरी बांधलेली असो वा नसो, देवळाच्या बाजूने, उंचावरूनच पाहावे.